भुईमुगाचा आहेर

आमच्या दुकानात उन्हाळा लागतो तो नाव टाकायच्या मशीनच्या आवाजानं. दारव्ह्याच्या बाजारगल्लीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. वर्षभर कुकरची रबरं, एखादी कढई, दिवाळीला डब्यांचे सेट, एवढाच धंदा. पण लग्नाच्या तिथी सुरू झाल्या की दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी त्या छोट्याशा मशीनवर वाकलेली असते, आणि स्टीलवर सुई फिरल्याचा किर्र आवाज माझ्या दातांपर्यंत पोचतो. गंज म्हणजे भाताचं मोठं पातेलं असो, परात असो की साधी वाटी असो, देणाऱ्याचं नाव त्यावर पाहिजेच. मामाकडून, आत्याकडून, मित्रमंडळाकडून, सप्रेम भेट. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि मशीन माझ्या हाती दिली. तेव्हापासून ती माझ्याच गळ्यात आहे. रात्री जेवताना बोटं झिणझिणतात, पण तक्रार कुणाकडे करायची, घरात बरं अक्षर माझं एकटीचंच.

यंदाही तिथी लागल्या. काल जवळच्याच एका गावात लग्नाला गेले होते. पंगतीत बसले, पुढ्यात ताट आलं, आणि वाढपी येईपर्यंत सवयीनं ताट उचलून कडेवरचं नाव वाचलं. अक्षर माझंच होतं. नावाच्या वर लिहिलं होतं, 'भुईमुगास सप्रेम भेट.' शेजारी बसलेली बाई वाकून वाचू लागली आणि मला म्हणाली, "हे काय वं? भुईमुगाले कोन भेट देते?" मी म्हटलं, "देतात कोनी कोनी." तेवढ्यात वरण आलं आणि विषय तिथंच राहिला. पण घरी येताना जीपमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, वारा गरम होता, आणि काही वर्षांपूर्वीचा तो सगळा उन्हाळा पुन्हा डोळ्यांपुढून गेला.

त्या वर्षी ऊन लवकर चढलं होतं. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नसे. अशा एका दुपारी निर्मलाबाई पहिल्यांदा दुकानात आली. डोक्यावरून पदर, पायात चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. तिनं भावही विचारला नाही आणि जाडीही पाहिली नाही. एकेक ताट उचलून त्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करायची, कान लावायची आणि परत ठेवायची. आमच्याकडे गिऱ्हाईक भांडं वाजवून बघतं, त्याचं काही नाही. पण ही अख्खी चळत वाजवत सुटली तेव्हा माझं डोकं उठलं.

"बाई, घ्याचं काय आहे?" मी विचारलं.

"ज्याचा आवाज लय दूर जाते असं कोन्तंही द्या. पोचे पडले असन तरी चालते."

"कायले पाह्यजे?"

"डुकरासाठी," ती म्हणाली, आणि तिथंच पायरीवर टेकली.

तिची हकीकत आमच्या ह्यांनी पाणी देऊन काढून घेतली. माणसं बोलती करायची यांना हौस आहे. निर्मलाबाई आमच्यापासून जीपनं पाऊण तासावरच्या गावातली. गावातल्या दहाबारा बायकांचा एक गट होता. काही तिच्यासारख्या बौद्ध घरच्या, काही तांड्यावरच्या, दोघी कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेल्या या बायकांनी मिळून नदीकाठचं एक वावर मक्त्यानं घेतलं होतं. मागे एक छोटी संस्था होती, दोन-तीन माणसांची आणि एका मोटरसायकलची. संस्थेनं बियाणं दिलं, शिकवलं, मालकाशी बोलणी करून दिली. आदल्या साली त्यांनी उन्हाळी भुईमूग लावला आणि शेंगा भरायच्या वेळी रानडुकरांनी रातोरात उकरून खाल्ला. यंदा पुन्हा लावला होता. मालकानं सांगून ठेवलं होतं की यंदाही डुकरांनीच खाल्लं तर पुढच्या वर्षी वावर दुसऱ्याला जाईल.

"मंग आमी पुन्हा रोजीनं दुसऱ्याच्या धुऱ्यावर," निर्मलाबाई म्हणाली. "आता आऱ्या जमिनीत गेल्या, शेंगा धरून राह्यल्या. त्याच वासानं डुकरं येतेत. म्हणून जागल करून राह्यली."

जागल म्हणजे रात्रभर वावरात राहून राखण. पाळ्या लावल्या होत्या, पण कुणाचं लेकरू तापलेलं, कुणी मिरची तोडायला परगावी गेलेली, कुणाच्या घरी लग्न. त्यामुळे बहुतेक पाळ्या फिरून तिच्याच वाट्याला यायच्या. दिवसा रोजी, रात्री जागल. तिचे डोळे तिखट उडाल्यासारखे लाल होते, आणि बोलता बोलता मधेच ती कुठंतरी निघून जायची. मग मान झटकून परत यायची.

आमच्या शेजारी सलीमभाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. ते भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. चहाचा ग्लास घेऊन दारात आले.

"बाई, ताट वाजोलं का डुक्कर दोन दिवस भेते," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी त्याच तालावर नाचते. झटका मशीन लावा. सोलरवर चालते, चारी बाजूनं तार वढा. चटका बसला का थे वावर सोडून देते, मरत नाई."

"मालूम हाये भाऊ. संस्थेवाल्यायनं बी सांगतलं. मशीन आमी देतो, तारेचा खर्च गावातूनच जमवा म्हनतेत. गावात कोनाजवय हाये?" ती म्हणाली. "एक जन म्हने, खांबावरून आकडा टाकून तारेत लाइन सोडून द्या. म्या नाई म्हटलं. डुकराच्या आधी कोनाचं लेकरू मरन."

"सही केलं," सलीमभाई म्हणाले. "थे काम कोनी सांगतलं तरी करू नका."

तिनं एक पोचे पडलेली जुनी परात घेतली आणि निघाली. हे तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मी ओळखलं की आता काहीतरी होणार. दुसऱ्याचं दुःख ऐकलं की यांचा हात गल्ल्याकडे जातो आणि डोळे माझ्याकडे येतात. संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणाले, "यंदाची लगनसराई आपण त्या बायांच्या तारेसाठी काढू." नाव टाकायचे पैसे आम्ही पूर्वीपासून घेत नाही. आता ज्यानं नाव टाकून घेतलं त्यानं राजीखुशीनं एका डब्यात काही टाकावं, असं यांनी ठरवलं. बोटं माझी, उदारपणा यांचा. मी तसं बोलूनही दाखवलं. पण रात्री अंथरुणावर पडले तेव्हा तिची ती मान झटकायची तऱ्हा आठवली आणि सकाळी उठून मीच पिठाचा एक डबा रिकामा केला.

झाकणाला भोक पाडलेला पिठाचा डबा मशीनशेजारी आला. त्यावर मी छान अक्षरात लिहिलं, 'महिला गटाच्या सामूहिक शेतीसाठी.' लोक वाचायचे. "चांगलं काम हाये भाऊ," म्हणायचे. भांडी पोत्यात भरून निघून जायचे. आठवड्यानं डबा उघडला तर त्यात चार नाणी, एक चॉकलेटचा कागद आणि कुणाच्या तरी शर्टाचं बटण. मी त्या बटणाकडे बघून हसले आणि हे माझ्यावर चिडले. लग्नाच्या एवढ्या वर्षांत चिडलेले फार क्वचित पाहिलेत.

खरं सांगायचं तर आमच्या भागातला माणूस हाताचा आखडता नाही. घरात उद्याची भाजी नसेल, पण भाचीच्या लग्नात गंज देईल तो सगळ्यांत मोठा. फक्त दिलेलं दिसलं पाहिजे. समाजमंदिरातल्या पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं आहेत. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून आमच्याकडचे काही जण कार्यक्रमाला लवकर जातात आणि बटण दाबायच्या आधी वर बघून घेतात. बसस्टँडवरच्या बाकांवर वडिलांची नावं आहेत. यात हसण्यासारखं काय आहे? मीही शाळेला पाण्याची टाकी दिली तेव्हा माझ्या आईचं नाव घातलं, आणि अजून त्या रस्त्यानं गेले की मान वळतेच. डब्याच्या भोकात पैसा टाकला की तो कुणाचा ते कुणालाच कळत नाही. लोकांना ते देणं नुसतं हरवल्यासारखं वाटत असणार.

एक दिवस भर दुपारी लाइन गेली. मशीन बंद, पंखा बंद, भांडी तापून हात लावू देईनात. निर्मलाबाई आली. तिनं डब्याबद्दल विचारलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. आदल्या रात्री कोपऱ्यातले काही वाफे उकरले होते, असं सांगितलं. परात वाजवून वाजवून तिच्या मनगटाला सूज आली होती. मला तिचं काय करावं ते सुचेना, आणि सुचलं नाही की माझी जीभ तिरकी चालते.

"भुईमुगाचं लग्न लावा," मी म्हटलं. "मंग पाहा आहेर कसा येते थो."

मी बोलून गेले. पण हे ताडकन उठून बसले.

"काहून नाही?" हे म्हणाले. "वावरात रोडग्याचं जेवण ठेवू. पीठ-तेल आपलं. ज्याला द्यायचं त्यानं तिथं सगळ्यांसमोर द्यावं. भोंग्यावर नाव पुकारू."

"भोंगा मेरे साढूभाऊ का हाये," भिंतीपलीकडून आवाज आला.

निर्मलाबाईनं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आम्ही थट्टा करतोय का, हे तिला कळत नव्हतं. मग म्हणाली, "वांगे आमचे. गटाच्या वाफ्यातले हायेत."

ज्या दिवशी लग्नाची तिथी नव्हती असा दिवस धरला, म्हणजे लोक मोकळे सापडतील. मग हे सुटलेच. गंज घ्यायला आलेल्या वरबापाला सांग, पाण्याची टाकी घ्यायला आलेल्या सरपंचाला सांग, आठवडी बाजारात कांदेवाल्याला सांग. "भुईमुगाच्या लग्नाला यायचं बरं का." लोक आधी हसायचे, मग मान हलवायचे. आणि खरंच, दोनच दिवसांत दुकानात गर्दी उसळली. आहेराला आलेली गर्दी. कुणी ताटं घेतली, कुणी गडवे, कुणी मोठा गंज. एका मित्रमंडळानं मिळून भाताचं घमेलं घेतलं. मी मशीनवरून मान वर करत नव्हते. 'भुईमुगास सप्रेम भेट', खाली नाव. बोटं बधिर झाली, पण आतून मला फार बरं वाटत होतं. हे गल्ल्यावर बसून सारखे मिशीत हसत होते. लोकांना काम पटलं, आणखी काय पाहिजे?

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सलीमभाई चहाला आले. मी नुकताच बाजूला ठेवलेला एक गंज त्यांनी उचलला, फिरवून नाव वाचलं, दुसरा उचलला, तोही वाचला. मग मागच्या ढिगाकडे पाहिलं.

"भाभी," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हे सगळे गंज डुकराच्या अंगावर फेकाचे हायेत का?"

मशीन माझ्या हातात चालूच राहिली आणि एका गडव्यावर नुसतीच रेघ गेली. हे गल्ल्यावरून उठले आणि पुन्हा बसले. आम्ही तिघांनी पाकिटं धरली होती मनात, पाकिटात नोटा. आणि लोकांनी केलं ते आमच्याकडे सगळ्या लग्नांत करतात तेच. घरच्या माणसाच्या लग्नात पाकीट दिलं तर परक्यासारखं दिसतं. घरच्याला भांडं द्यायचं असतं. लोकांनी त्या बायांना घरचं मानलं होतं आणि त्यामुळे त्यांच्या हाती तारेचा एक वेढा येणार नव्हता. यात आम्हाला कुणाला दोष देता येईना. कारण चार दिवस ही भांडी विकणारे आम्ही, त्यावर नावं टाकणारी मी, आणि मला एकदाही शंका आली नाही.

"सगळी परत घेतो, किमतीला," हे म्हणाले. पण नाव टाकलेलं भांडं दुसऱ्या कुणाला विकणार? शिवाय देणारे उद्या वावरात येऊन आपला गंज कुठं मांडलाय ते बघणार. त्यांच्या डोळ्यांदेखत तो दुकानात परत आला तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. 

दुसऱ्या दिवशीचं वावर मला अजून स्वच्छ दिसतं. नदीला पाण्याची बारीक धार, काठाला कडुलिंब, आणि मधे तो भुईमूग, गुडघ्याच्या खाली, गर्द हिरवा. उन्हाळ्यात एवढं हिरवं बघायची डोळ्यांना सवय नसते. मी वाकून एक डहाळी हातात घेतली तर निर्मलाबाई म्हणाली, "उपटू नका वयनी, भरून राह्यल्या." मी हात काढून घेतला. कोपऱ्यात उकरलेली जागा होती, तांबडी माती वर आलेली, सुकलेले वेल इकडे तिकडे फेकलेले. ते बघितल्यावर मला डुक्कर या प्राण्याचा मनापासून राग आला.

लिंबाखाली सतरंजी, सतरंजीवर भांड्यांची चळत चढत होती. भोंग्यावर हे नावं पुकारत होते, आवाज पडलेला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते, त्याचा खमंग वास, मोठ्या पातेल्यात वांग्यांची भाजी रटरटतेय, धुरानं बायकांचे डोळे चोळून चोळून लाल. एक टोपीवाले काका आपला गंज स्वतः डोक्यावर घेऊन आले आणि सतरंजीवर मधोमध ठेवून दोन पावलं मागे सरून बघत राहिले. निर्मलाबाईनं सगळ्यांना हात जोडले. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं एकदा त्या चळतीकडे पाहिलं, एकदा वावराच्या उघड्या धुऱ्याकडे, तार नसलेल्या त्या बांधाकडे.

"वयनी," ती हळूच म्हणाली, "एवढे भांडे तं माह्या लग्नातही नाई आले."

ती हसली का तेसुद्धा मला कळलं नाही. पदर खोचून वाढायला गेली. मला भयंकर रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा राग, ते ठरवता येईना, म्हणून मी तो यांच्यावर काढला. हे बिचारे भोंगा हातात घेऊन माझं ऐकत राहिले, आणि त्यातली दोन वाक्यं सगळ्या वावरानं ऐकली.

लोक आले ते अंदाजापेक्षा फार जास्त. पत्रावळी संपल्या. मग बायकांनी आहेराची ताटं नदीवर नेऊन विसळली आणि त्यातच वाढायला घेतलं. आणि तिथं नवीनच गोंधळ सुरू झाला. "माह्यं ताट कोनाकडे गेलं?" "हे तं पाटलाचं हाये, मले माह्यं द्या." माणसं पंगतीतून उठून ताटं बदलू लागली. ते टोपीवाले काका दुसऱ्याच्या नावाच्या ताटात घास घ्यायला तयार होईनात. शेवटी कुणीतरी ओरडलं, "काका, रोडगा तोच हाये सगळ्यात." पंगत हसली. मीही हसले. आत इतकं जड असताना हसू कसं येतं कोण जाणे.

त्या गोंधळात पलीकडच्या गावाहून आलेला एक जण ताटं मोजल्यासारखा चळतीभोवती फिरत होता. ह्यांना तो ओळखत होता. चार दिवसांवर त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि त्याच तिथीला तालुक्यात इतकी लग्नं की मांडव-भांडी भाड्यानं देणाऱ्या एकाही बिछायत केंद्राकडे ताटं-गंज शिल्लक नव्हते. दिग्रसपर्यंत फिरून आला होता. जेवण झाल्यावर हात धुऊन तो सरळ निर्मलाबाईपुढे जाऊन उभा राहिला. तिच्या हातात भाजीची पळी होती.

"बाई, हे भांडे लग्नासाठी भाड्यानं देता का?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी सलीमभाईंकडे. निर्मलाबाईनं कुणाकडेच पाहिलं नाही.

"देतो," ती म्हणाली. "भाडं आगाऊ. आन घासून परत पाह्यजेत."

भोंगा चालूच होता. तिचं हे बोलणं सगळीकडे गेलं, आणि लिंबाखाली बसलेला आणखी एक जण उठून आला. त्याच्या घरी पुढच्या आठवड्यात लग्न होतं.

मला तेव्हा फार आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटत होती. झटका मशीन येईपर्यंत शेंगा राहतील का, एवढंच डोक्यात होतं. पुढचे दिवस मी रोज सकाळी त्या गावच्या जीपवाल्याला गाठायची. "रातचं कसं झालं?" तो वैतागला होता माझ्यावर. "वयनी, तुमाले तं इलेक्शनची काळजी असल्यासारखी हाये," म्हणायचा. एका सकाळी त्यानं सांगितलं की काल पुन्हा एका बाजूचं उकरलं. त्या दिवशी मी एका नवरीच्या ताटावर नवरदेवाच्या मामाऐवजी दुसऱ्याच मामाचं नाव टाकलं. ताट बदलून द्यावं लागलं.

पण लग्नांमागून लग्नं होती. एका मांडवातून भांडी निघाली की दुसऱ्या मांडवात जायची. सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे ज्यांनी ती दिली होती त्यांना या फिरतीनं आकाश ठेंगणं झालं. आपलं नाव तीन गावांत वाचलं गेलं, असं सांगत लोक दुकानात यायचे आणि वर आणखी दोन पळ्या देऊन जायचे. भाड्यातून तार आली, लोखंडी खुंट्या आल्या, आणि संस्थेचा माणूस मोटरसायकलवर पाठीशी बांधून मशीन घेऊन आला. सलीमभाईंनी दिवसभर उन्हात उभं राहून जोडून दिली. मजुरी घेतली नाही. बायकांनी रुमालात बांधून दिलेले रोडगे मात्र घेतले, आणि ते कमी पडले अशी तक्रार अजून करतात.

आता ती भांडी गटाच्याच मालकीची आहेत. पावसाळ्यात संस्थेच्या खोलीत रचून ठेवतात, दिवाळी झाली की बाहेर निघतात. काठांना पोचे आलेत, काही नावं पुसट झालीत. वावर मालकानं त्यांच्याकडेच ठेवलं, तिथं दर उन्हाळ्याला भुईमूग असतो. परवाच निर्मलाबाईचा फोन आला होता, वरणाचा गंज गळतो म्हणून. मी तिला दुकानात ये म्हटलं. ती आता आली की पायरीवर बसत नाही, सरळ आत येते आणि मला उठवून खुर्चीवर बसते. मला ते आवडतं, आणि मी तिला तसं सांगत नाही.

पण त्या सगळ्या उन्हाळ्यातून मला काय हवं असतं, आठवताना मी कुठं जाऊन थांबते, ते सांगायचं तर एकच दुपार आहे. वावरात झटका मशीन लावून आठेक दिवस झाले असतील. दाट तिथी उद्यावर आली होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निर्मलाबाई आली आणि गर्दीतून वाट काढत मागे, पुठ्ठ्याच्या खोक्यांजवळ जाऊन बसली.

"आलते रात्री," ती म्हणाली. मी मशीन थांबवली. "दोन डाव आलते. तारेपाशी आले, चटका बसला, आन जे पयाले नदीच्या पलीकडे… म्या सकायी पूर्न वावर हिंडून पाह्यलं. एक शेंग नाई उकरली. एक…"

पुढचं वाक्य आलंच नाही. मला वाटलं, भरून आलं असेल. वळून पाहिलं तर ती खोक्यांना डोकं टेकून झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर उताणे पडलेले, मनगटावरची सूज उतरलेली.

स्टीलच्या दुकानाइतकी गोंगाटाची जागा दुसरी नसेल. वाटी वाटीला लागली तरी खणकन होतं. हे गल्ल्यावरून खाली उतरले आणि गिऱ्हाइकांना बोट तोंडावर ठेवून दाखवू लागले. मी मशीनचं बटण बंद केलं. समोर एक वरमाय उभी होती, तिच्या वीस वाट्यांवर नावं टाकायची राहिली होती. मी हळूच म्हटलं, "उद्या सकायी नक्की देतो." तिनं मागे वाकून पाहिलं.

"कोन वं हे?"

"भुईमूगवाली बाई. महिनाभर जागल करून राह्यली होती."

"असू द्या मंग," ती म्हणाली, आणि वाट्या पदरात धरून, त्या वाजू नयेत म्हणून एकेक करून पोत्यात ठेवल्या. त्यानंतर तासाभरात जो आला त्यानं बोटानं दाखवून भांडं घेतलं, हातवारे करून भाव केला. एकानं तर सवयीनं ताटावर टकटक केली आणि लगेच तळहातानं ते दाबून धरलं. इतका धंदा जाताना मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि मला काहीच वाटत नव्हतं. अंगातून काहीतरी ओझं उतरून गेल्यासारखं झालं होतं. मी पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं आणि हात बांधून नुसती बसून राहिले. बोटं झिणझिणत नव्हती.

दिवेलागणीला सलीमभाईंनी शटर ओढलं, त्या आवाजानं ती दचकून उठली. डोळे उघडायच्या आधीच पायात चपला शोधू लागली.

"माय वं, केवढा उशीर झाला. शेवटची जीप गेली का? जागलीले जा लागते, परात घरीच…"

ती दारापर्यंत पोचली. तिथं थांबली. बाहेर गल्लीत बल्ब लागले होते. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा मी इतक्या जवळून त्याच्या आधी पाहिला नव्हता.

"आता कायले जाऊ मी," ती म्हणाली, आणि चपला काढून पुन्हा आत येऊन बसली.